टाच दुखते म्हणून व्यायाम थांबवायचा का?

झाशीला खंडेराव गेटाच्या आतल्या बाजूला माझी आत्या राहते. लग्न होऊन ती तिकडे गेली त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. तिच्या मराठीत आता तिकडचे शब्द सहज येतात. दीड वर्षापूर्वी फोनवर म्हणाली, "अरे, सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की एडीत खिळा ठोकल्यासारखं होतं. दहा-वीस पावलं टाकली की जरा सुटतं. मग दुपारी जेवून उठले की पुन्हा तेच." शेजारणीने सांगितलं, हाड वाढलंय. डॉक्टरांनी सांगितलं, चालणं बंद, पूर्ण आराम. आत्याने आज्ञा तंतोतंत पाळली. किल्ल्याच्या पायथ्यापर्यंतची रोजची फेरी गेली, सूर्यनमस्कार गेले, जिना चढून गच्चीवर जाणंही गेलं.

तीन महिन्यांनी टाच थोडी निवली होती. पण दोन मजले चढताना दम लागू लागला होता, रक्तातली साखर वाढली होती आणि गुडघे कुरकुरत होते. आता बरं वाटतंय म्हणून एके दिवशी ती पहिल्याइतकं चालून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी टाच पुन्हा पहिल्यासारखी ठणकत होती.

टाचदुखीच्या बहुतेक रुग्णांची गोष्ट थोड्याफार फरकाने अशीच असते. आराम केला तर बाकीचं शरीर ढिलं पडतं आणि चाललं तर टाच ठणकते. यातून वाट काढायची तर डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, वैद्य आणि आखाड्यातले जाणते यांनी आजवर काय सांगितलंय आणि त्यातलं काय तपासणीत टिकलंय, हे एकदा नीट पाहायला हवं.

आधी दुखणं नेमकं कुठलं ते पाहू. टाचेच्या हाडाच्या खालच्या, आतल्या बाजूपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो. त्याला प्लांटार फॅशिया म्हणतात. पायाची कमान तोलून धरणं हे त्याचं काम. पाऊल पुढे टाकताना टाच उचलली जाते, बोटं वर वळतात आणि हा पट्टा रहाटावर दोर गुंडाळावा तसा ताणला जाऊन कमान घट्ट होते. जॉन हिक्स या शरीररचनातज्ज्ञाने 1954 साली ही रचना मांडली. पुढे सांगणार असलेले व्यायाम तिच्यावरच उभे आहेत, म्हणून ती लक्षात ठेवावी. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं आणि पट्टा आखडलेला राहतो. सकाळी उठताच सगळं वजन त्याच्यावर पडतं, म्हणून पहिलं पाऊल सर्वांत जास्त दुखतं.

या दुखण्याच्या 'प्लांटार फॅशियायटिस' या इंग्रजी नावातला शेवटचा भाग 'दाह', म्हणजे सूज, असं सांगतो. पण 2003 साली लेमाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या पन्नास जणांच्या पट्ट्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा दाहाच्या खुणा नव्हत्या. तंतू झिजलेले, विस्कटलेले होते. या फरकामुळे उपचाराची दिशाच बदलते. दाह असता तर गोळ्या आणि आराम पुरला असता. तंतू झिजले असतील तर त्यांना पुन्हा बळकट करावं लागतं, आणि शरीरातला कुठलाही तंतू बळकट होतो तो भार पेलूनच. सुश्रुताच्या ग्रंथात अशा दुखण्याचं 'वातकंटक' असं नाव येतं. पाऊल वेडंवाकडं पडल्याने वात तिथे बसतो, असं तिथलं निदान. कारणमीमांसा काहीही असो, टाचेत काटा रुतावा तसं दुखणं एवढ्या नेमकेपणाने सांगणारं दुसरं नाव मला माहीत नाही.

'हाड वाढलंय' या समजुतीने मात्र पुष्कळ लोकांना विनाकारण घाबरवलंय. एक्स-रेमध्ये टाचेखाली हाडाची चोच दिसते हे खरं. पण जन्मात कधी टाच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेतही ती असते, आणि दुखणं बरं झाल्यावरही ती तिथेच राहते. ती कापून काढायची म्हणून कुणी शस्त्रक्रियेला निघालं असेल तर त्याने आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.

आता झाशीविषयी थोडं, कारण या गावात बसून व्यायामाला 'नको' म्हणणं मला पटत नाही. खंडेराव, दतिया, उन्नाव, ओरछा, बडागाव, लक्ष्मी, सागर, सैंयर, भांडेर आणि झिरना अशा दहा दरवाजांच्या तटबंदीत हे शहर वसलेलं होतं. इथे राज्य करणाऱ्या नेवाळकरांच्या काळात दरबारच्या निमित्ताने आलेली मराठी घरं इथे रुजली. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली दक्षिणा मिळवायला उत्तरेत निघाले आणि 1858च्या वेढ्याच्या वेळी याच तटबंदीच्या आत अडकले. त्यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकात राणी लक्ष्मीबाईंच्या दिनक्रमाचं वर्णन आहे. बाईंना शरीर कमावण्याची हौस होती. पहाटे उठून मल्लखांब, मग घोड्यावरची रपेट. त्यांचं बालपण गेलं बिठूरला, दुसऱ्या बाजीरावाकडे, आणि त्याच बाजीरावाच्या आश्रयाने बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला पुन्हा चांगले दिवस आणले होते. हे सांगायचं कारण असं, की मल्लखांब आणि घोडदौड या दोन्ही व्यायामांत घाम निघतो, छाती-दंड-मांड्या कमावल्या जातात, आणि खांबावरून मारलेली उडी सोडली तर टाच जमिनीवर आपटत नाही. आत्याला कुणी मल्लखांब करायला सांगणार नाही. पण व्यायाम म्हणजे चालणं एवढंच समीकरण आपण डोक्यात धरलंय आणि टाच दुखली की सगळा व्यायामच बुडतो, तिथे खरी चूक होते.

तेव्हा आधी बाकीच्या शरीराची सोय लावू. सायकल, घरातली बैठी किंवा रस्त्यावरची, टाचेला जवळजवळ निरुपद्रवी असते. पेडल चवड्याच्या टोकाशी न घेता पावलाच्या मध्याशी घ्यावं. पोहणं उत्तम. तलावात छातीभर पाण्यात चालणं त्याहून सोपं, कारण पाणी वजन उचलून धरतं. भिंतीला टेकून केलेले जोर, खुर्चीत बसून फिरवलेली हलकी जोडी किंवा मुद्गल, पाठीवर पडून पोटाचे आणि मांड्यांचे व्यायाम, हे सगळं पहिल्या दिवसापासून चालतं. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा वजनाचा प्रश्न आहे त्यांच्या दृष्टीने हा भाग टाचेच्या उपचाराइतकाच महत्त्वाचा आहे. 2003 साली रिडल आणि सहकाऱ्यांनी पन्नास रुग्ण आणि शंभर निरोगी माणसांची तुलना केली. तीन गोष्टी ठळक निघाल्या: घोटा वर वळण्यातला ताठरपणा, स्थूलपणा आणि कामाच्या वेळी बराच काळ उभं राहणं. तीन महिने खुर्चीत बसून माणूस यातल्या पहिल्या दोन गोष्टी आपल्या हाताने वाढवतो.

आपल्या नेहमीच्या व्यायामांकडे पाहू, कारण परदेशी पुस्तकांत त्यांच्याबद्दल काही मिळत नाही आणि हिक्सचा रहाट डोळ्यांसमोर ठेवून आपणच विचार करायला हवा. बैठका टाचा उचलून, चवड्यांवर आणि वेगाने मारल्या जातात. सगळं वजन वळलेल्या बोटांवर येतं, पट्टा पूर्ण ताणलेला असतो आणि त्यात भर म्हणून झटके बसतात. दुखणं ताजं असताना बैठका बंद. त्याऐवजी भिंतीला पाठ लावून पावलं सपाट ठेवून अर्धं बसावं. जोरांतही बोटं मुडपलेली असतात, पण तिथे वजनाचा मोठा भाग हातांवर असतो. दुखलं तर गुडघे टेकून करावेत. सूर्यनमस्कारात एक पाय मागे नेतो तेव्हा मागच्या पायाची बोटं वळून तळवा ताणला जातो, आणि पर्वतासनात टाच जमिनीकडे दाबताना पोटरी ताणली जाते. म्हणजे दुखऱ्या टाचेला हवे असलेले दोन्ही ताण एकाच नमस्कारात आहेत. अट एवढीच, की खाली जाड सतरंजी हवी, पाय उडी मारून न नेता एकेक करून न्यावा आणि सुरुवातीला दोन-तीनच नमस्कार संथपणे घालावेत. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा प्रसार करताना नियमितपणावर भर दिला होता. आकड्यांच्या शर्यती मात्र टाचेच्या शत्रू आहेत. दोरीवरच्या उड्या, लेझीम, फुगडी, झिम्मा आणि तासन्‌तास ढोल बांधून उभं राहणं हे बरं होईपर्यंत दूर ठेवावं. मंगळागौरीला बसून गाणी म्हणायला कुणाची हरकत नसते.

आता खुद्द टाचेचा व्यायाम. यात दोन अभ्यास मला सर्वांत उपयोगी वाटतात. पहिला डिजिओव्हानी यांचा, 2003 सालचा, जुनं दुखणं असलेल्या 101 रुग्णांचा. पलंगावर बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढायची, तळव्यातला पट्टा तारेसारखा ताठ झालेला दुसऱ्या हाताला लागला पाहिजे. दहा आकडे मोजेपर्यंत धरायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिली खेप सकाळी पाय जमिनीला लागण्याआधी. नुसती पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा हा ताण घेणाऱ्यांना आठ आठवड्यांनी जास्त फरक पडला. खर्च शून्य, धोका शून्य.

दुसरा अभ्यास डेन्मार्कच्या राथलेफ यांचा, 2015 सालचा, 48 रुग्णांचा. पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची म्हणजे ती वर वळलेली राहतात, आणि टाचा उचलायच्या. तीन सेकंद वर जायला, दोन सेकंद वर थांबायला, तीन सेकंद खाली यायला. बारा वेळा जेमतेम जमेल एवढा भार, तीन आवर्तनं, एक दिवसाआड. जमू लागलं की पाठीवरच्या पिशवीत पुस्तकं भरून वजन वाढवायचं. तीन महिन्यांनी हा गट नुसत्या ताणाच्या गटापेक्षा बराच पुढे होता. वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखे झाले. म्हणजे भाराच्या व्यायामाने आराम लवकर मिळाला, पण शेवटी दोन्ही वाटा एकाच मुक्कामाला पोचल्या. 2019 साली तिथल्याच संशोधकांनी ठरवून दिलेला भार आणि रुग्णाने आपल्या सोसण्याप्रमाणे निवडलेला भार यांची तुलना केली, तर फरक निघाला नाही. मला हा निष्कर्ष दिलासा देणारा वाटतो. आपलं शरीर पाहून माप ठरवलं तरी काही बिघडत नाही.

माप ठरवायचं कसं, हाच कळीचा मुद्दा. दुखणं शून्य झाल्याशिवाय हलायचं नाही, हा नियम आता मागे पडलाय. सिल्बरनागेल या स्वीडनमधल्या फिजिओथेरपिस्टने 2007 साली टाचेच्या मागच्या शिरेच्या, म्हणजे अकिलिस कंडरेच्या, रुग्णांवर एक पद्धत तपासली. दुखणं शून्य ते दहा या मापात पाचापर्यंत गेलं तरी खेळ चालू ठेवायचा, मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत ते निवलं पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. सहा आठवडे धावणं-उड्या सोडलेल्या गटापेक्षा हे रुग्ण मागे पडले नाहीत. अवयव शेजारचा आहे, म्हणून मी हाच नियम तळव्याला थोडा कडक करून सांगेन: दुखणं तीन-चाराच्या वर जाऊ देऊ नये, आणि उद्या सकाळच्या पहिल्या पावलाला न्यायाधीश मानावं. ते कालच्याइतकंच दुखलं तर माप बरोबर. जास्त दुखलं तर आज निम्मं.

निम्मं या शब्दाशी आपली जुनी ओळख आहे. वाग्भटाने 'अष्टांगहृदया'त बळकट माणसालाही अर्ध्या शक्तीने व्यायाम करायला सांगितलंय, तोही थंडीत आणि वसंतात. बाकीच्या ऋतूंत त्याहून कमी. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकणाऱ्या झाशीत हा सल्ला आजही शब्दशः खरा आहे.

आत्याने पुन्हा चालायला सुरुवात केली ती या मापाने. अर्ध्या तासाची एक फेरी सोडून दिवसात तीनदा दहा-दहा मिनिटं, सपाट रस्त्यावर. किल्ल्याकडची चढण शेवटी ठेवली, कारण चढताना पोटरी आणि तळवा दोन्ही जास्त ताणले जातात. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची: अंतर, वेग किंवा चढ. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ती रोज सकाळी दुखण्याचा आकडा लिहायची. मेजर ध्यानचंदांच्या या गावात पहाटे धावणारी मुलंही खूप आहेत. त्यांनी चाळीसेक मिनिटं सलग न दुखता चालता आल्यावरच धावणं सुरू करावं, तेही एक दिवसाआड, दोन मिनिटं धाव आणि दोन मिनिटं चाल असं आलटून पालटून.

पादत्राणांचा प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे, आणि डॉक्टर त्याबद्दल फारसं विचारत नाहीत. दुखणं मैदानावर कमी आणि घरात जास्त वाढतं. दगडी किंवा टाइल्सची फरशी, त्यावर अनवाणी, ओट्याशी सकाळचे तीन तास. चपला स्वयंपाकघरात आणि देवघरात न नेण्याची रीत मला मान्य आहे. म्हणूनच घरात वापरायची, मऊ तळव्याची, टाचेला किंचित उंची असलेली धुतलेली जोडी वेगळी ठेवावी. तेही नको असेल तर ओट्यासमोर घोंगडीची दुहेरी घडी टाकावी. बाहेर जाताना सपाट कोल्हापुरी आणि रबरी स्लिपर काही महिने बाजूला, मागे घट्ट धरणारा आणि टाचेखाली गादी असलेला बूट घालावा. रेल्वेचं गाव असल्याने झाशीत फलाटावर आणि रुळांवर दिवसभर उभं राहणारे हजारो आहेत. त्यांना आराम करा असं सांगून भागत नाही. दर तासाला दोन मिनिटं बसून बोटं ओढण्याची मुभा मिळाली तरी पुष्कळ झालं, आणि ती देणं हे वरिष्ठांचं कर्तव्य आहे.

महागड्या, माप घेऊन बनवलेल्या सोलबद्दल लँडॉर्फ यांचा 2006 सालचा 135 रुग्णांचा अभ्यास सांगतो की दुकानातली तयार सोल आणि खास बनवलेली सोल यांच्यात फरक पडला नाही. दोन्हींचा फायदा पहिल्या काही महिन्यांत थोडा, वर्षाने नाही. पैसे जपून वापरावेत. चिकटपट्टी लावून कमानीला आधार देणं सुरुवातीच्या आठवड्यांत खरोखर उपयोगी पडतं. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्यावं. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने थोड्या आठवड्यांपुरता आराम पडतो, पण पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. इंजेक्शनने दुखणं गेलं म्हणून त्याच आठवड्यात धावायला निघणं सर्वांत वाईट. व्यायाम, आधार आणि समज यांनी काही महिन्यांत भागलं नाही, तर शॉकवेव्ह उपचाराचा पर्याय आहे. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते.

घरगुती उपायांत बाटलीत पाणी गोठवून ती तळव्याखाली फिरवणं चांगलं. तापलेल्या विटेवर रुईची पानं ठेवून टाच शेकण्याची रीत अनेक घरांत आहे. ज्याची पावलं शाबूत आहेत त्याला त्या उबेने बरं वाटेल. पण मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाने वीट, गरम पाणी, बर्फ यातलं काहीही पायाला लावू नये. भाजलेलं त्याला कळत नाही आणि जखम बोटं घेऊन जाते. रुईचा चीकही कातडी आणि डोळ्यांना घातक असतो.

प्रत्येक टाचदुखी हीच असते असंही नाही. रात्री झोपेत दुखणं, मुंग्या किंवा बधिरपणा, सूज, लाली, ताप, पडल्यावर किंवा अचानक 'तट्‌' आवाज होऊन सुरू झालेलं दुखणं, टाच दोन्ही बाजूंनी दाबली तर असह्य होणं, तरुण वयात दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबरही अर्धा तास आखडणं: यातलं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. हाडाची बारीक चीर, दबलेली नस किंवा संधिवात असू शकतो आणि तिथे वरचे व्यायाम अपाय करतील.

वेळ किती लागतो? आठवड्यांचा हिशेब धरू नका. बहुतेकांची टाच शस्त्रक्रियेविना बरी होते, पण त्याला काही महिने, कधी वर्षही लागतं, आणि मधे दोन-तीनदा दुखणं उसळतं. त्या उसळीत माणूस खचतो आणि सगळं सोडून देतो. आत्याचंही चौथ्या महिन्यात तसंच झालं. घरच्या लग्नात दोन दिवस उभी राहिली आणि कॅलेंडरवरचा आकडा दोनावरून सहावर गेला. "संपलं सगळं," म्हणाली. काही संपलं नव्हतं. आठवडाभर चालणं निम्मं केलं, सायकल आणि बोटं ओढणं चालू ठेवलं, आकडा परत खाली आला.

विष्णुभट गोडशांचा प्रवास बराचसा पायीच झाला होता. शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते वरसईला परतले आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातलं. एवढं चालणं आज कुणालाच नको आहे. ज्यांची टाच दुखते आहे त्यांना माझं सांगणं छोटंसं आहे. आज रात्री पलंगाच्या उशाशी घरात घालायच्या चपला ठेवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला एक पेन्सिल बांधा. उद्या सकाळी पाय खाली सोडण्याआधी बोटं दहा वेळा नडगीकडे ओढा, मग चपला घालून उभे राहा, आणि पहिल्या पावलाचा आकडा लिहून ठेवा.